मेडिकलवर मिळणाऱ्या ॲलर्जीच्या साध्या गोळीमागे एका स्विस माणसाचं अख्खं आयुष्य आहे

हिंगोली जिल्ह्यात नाकाला सुट्टी अशी नसते. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी सुरू होते, तिचा भुसा गावभर उडतो. मग तूर येते. फेब्रुवारीपासून हळदीचा हंगाम. हळद काढायची, शिजवायची, वाळवायची आणि ड्रममध्ये घालून पॉलिश करायची. तो ड्रम गरागरा फिरायला लागला की शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या पापण्यासुद्धा पिवळ्या होतात. वसमतची हळद म्हणा नाहीतर हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात येणारी हळद म्हणा, तिच्यामागे शिंका देणारी बरीच नाकं असतात. उरलीसुरली कसर बांधावरचं गाजर गवत भरून काढतं.

मग माणूस मेडिकलवर जातो आणि ॲलर्जीची गोळी मागतो. सोबत एक अट घालतो, पेंग येणारी नको. कारण पुढं ट्रॅक्टर चालवायचा असतो, यार्डात वजनकाट्यावर उभं राहायचं असतं, नाहीतर पोराला शाळेतून आणायचं असतं.

मेडिकलवाला एक पत्ता काढून देतो. विषय संपतो.

पण ही गोळी आली कुठून? झोप आणणारी वेगळी आणि न आणणारी वेगळी, असं का? आणि झोप येत नाही म्हणजे ती बिनधास्त घ्यावी का?

हे समजून घ्यायचं तर १९३७ च्या पॅरिसमध्ये जावं लागतं. तिथं तिशीतला एक माणूस गिनीपिग घेऊन बसला होता. त्याचं नाव डॅनियल बोव्हे.

बोव्हे यांचा जन्म २३ मार्च १९०७ चा, स्वित्झर्लंडमधल्या नूशातेल गावचा. वडील पिएर बोव्हे मोठे शिक्षणतज्ज्ञ होते. जिनिव्हामधल्या जाँ-जाक रूसो इन्स्टिट्यूटचे ते पहिले संचालक. शिक्षणात नवनवे प्रयोग करायची त्यांना हौस होती आणि त्यातला एक प्रयोग त्यांनी थेट घरातच केला. जगातल्या सगळ्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून एस्परांटो नावाची एक भाषा मुद्दाम तयार करण्यात आली होती. पिएर यांनी ती आपल्या मुलांना लहानपणापासून शिकवली. त्यामुळं जगात ज्या मोजक्या लोकांना एस्परांटो मातृभाषेसारखी येते, त्यांच्यात डॅनियल बोव्हे यांचं नाव घेतलं जातं.

जिनिव्हा विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्र घेतलं आणि १९२९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. लक्षात घ्या, हा माणूस रुग्ण तपासणारा डॉक्टर नव्हता. प्राण्याचं शरीर कसं चालतं, यात त्याला रस होता. त्याच वर्षी त्यांना पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये काम मिळालं आणि ते तिकडं गेले ते पुढची १८ वर्षं तिथंच राहिले.

तिथं अर्नेस्ट फूर्नो यांची औषधी रसायनांची लॅब होती. कामाची पद्धत साधी होती. रसायनशास्त्रज्ञांनी नवनवी रसायनं बनवायची, बाटलीवर आकडा टाकायचा, त्यापुढं फूर्नोचा एफ लावायचा आणि बाटली बोव्हेंसारख्यांच्या हातात द्यायची. त्यांनी ती प्राण्यांवर वापरून काय होतं ते पाहायचं. शंभरातल्या नव्व्याण्णव बाटल्या फुकट जायच्या.

पहिला मोठा हात लागला तो ॲलर्जीत नाही, जंतुसंसर्गात. १९३५ मध्ये जर्मनीच्या गेरहार्ड डोमाक यांनी प्रॉन्टोसिल नावाच्या लाल रंगाच्या औषधाची माहिती जाहीर केली. उंदराला जीवघेणा संसर्ग झाला तरी या औषधानं तो जगायचा. गोची अशी होती की काचेच्या नळीत हेच औषध जंतूंना काही करत नव्हतं. फूर्नोंच्या लॅबमध्ये त्रेफुएल पती-पत्नी, फेदेरिको नित्ती आणि बोव्हे यांनी मिळून याचा छडा लावला. अंगात गेल्यावर या लाल औषधाचे तुकडे होतात आणि त्यातला एक साधा, बिनरंगाचा तुकडा खरं काम करतो, हे त्यांनी दाखवलं. तो तुकडा म्हणजे सल्फानिलामाइड. आणि हे रसायन १९०८ पासून सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे त्यावर कुणाचंच पेटंट चालणार नव्हतं. एका झटक्यात महागडं औषध कुणालाही बनवता येईल असं झालं. आज सल्फाच्या गोळ्या म्हणून जो प्रकार ओळखला जातो, त्याची वाट इथून मोकळी झाली.

यानंतर बोव्हेंच्या डोक्यात एक वेगळाच प्रश्न घुसला.

शरीरात काही रसायनं निरोप्यासारखी काम करतात. अॅड्रिनलिन आहे, ॲसिटिलकोलीन आहे. या दोघांचा निरोप मध्येच अडवणारी औषधं तेव्हा माहीत होती. पण तिसरा एक निरोप्या होता, हिस्टामाइन. इंग्लंडच्या हेन्री डेल आणि लेडलॉ यांनी १९१० च्या आसपास त्याचे उपद्व्याप नीट मांडले होते. प्राण्याला हिस्टामाइन टोचलं की रक्तदाब पडतो, श्वासनळी आवळते, अंगावर सूज येते. ॲलर्जीचा झटका येतो तेव्हा नेमकं असंच होतं. तरीही हिस्टामाइनला अडवणारं एकही औषध कुणाकडं नव्हतं.

मुळात ॲलर्जी म्हणजे काय, तर आपल्या शरीराच्या राखणदारानं केलेला अतिरेक. बांधावर म्हैस आली तर हाकलायची असते, पण इथं वाऱ्यानं पान हललं तरी राखणदार गोफण फिरवतो. परागकण किंवा धूळ नाकात गेली की तिथल्या मास्ट पेशी फुटतात आणि हिस्टामाइन बाहेर पडतं. हे हिस्टामाइन जवळच्या पेशींवर असलेल्या ठरावीक कुलपांत जाऊन बसतं. किल्ली बसली की नाक गळतं, डोळे चुरचुरतात, कातडीवर गांधी उठतात.

बोव्हेंचा विचार असा की हिस्टामाइन संपवायच्या भानगडीत पडायचं नाही. त्याच्या आधी दुसरंच काहीतरी कुलपात नेऊन बसवायचं.

फूर्नोंच्या लॅबमध्ये जुन्या बाटल्या पडून होत्याच. त्या एकेक करून तपासायचं काम सुरू झालं. गिनीपिग यासाठी घेतले कारण त्यांना हिस्टामाइन फार लवकर बाधतं, एवढ्याशा मात्रेनं त्यांचा श्वास कोंडतो. जो गिनीपिग हिस्टामाइन देऊनही तगेल, त्याच्या बाटलीत काहीतरी आहे. १९३७ मध्ये ९२९ एफ या बाटलीनं गिनीपिग वाचवले. जगातलं पहिलं अँटिहिस्टामाइन सापडलं होतं.

या कामात बोव्हेंसोबत आन-मारी स्टॉब ही विशीतली तरुणी होती. पहिला शोधनिबंध दोघांच्या नावावर आहे आणि पुढं या औषधांचा सविस्तर अभ्यास करून तिनं १९३९ मध्ये आपला प्रबंध पूर्ण केला. अँटिहिस्टामाइनची गोष्ट सांगताना तिचं नाव बऱ्याचदा गाळलं जातं. ते गाळू नये, कारण गिनीपिगच्या पिंजऱ्यापाशी बसून आकडे मांडणाऱ्यांत ती होती.

अडचण एवढीच की ९२९ एफ माणसाला देण्यासारखं नव्हतं. ते विषारी होतं. पण कुलूप अडवता येतं हे सिद्ध झालं होतं. आता फक्त बरी किल्ली शोधायची होती.

याच सुमाराला बोव्हेंच्या घरातही एक मोठी गोष्ट घडली. लॅबमधले सहकारी फेदेरिको नित्ती यांची बहीण फिलोमेना हिच्याशी १९३८ मध्ये त्यांचं लग्न झालं. नित्ती घराणं साधं नव्हतं. फिलोमेनाचे वडील फ्रान्चेस्को साव्हेरिओ नित्ती हे इटलीचे माजी पंतप्रधान. मुसोलिनीच्या राजवटीमुळं देश सोडून ते पॅरिसमध्ये राहत होते. फिलोमेना स्वतः संशोधक होती. लग्नानंतर दोघांनी लॅबही वाटून घेतली आणि पुढची कित्येक दशकं शोधनिबंधांवर बोव्हे आणि बोव्हे-नित्ती अशी जोडनावं येत राहिली.

मग महायुद्ध आलं. १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं. १९४३ मध्ये बोव्हेंच्या सासऱ्यांना जर्मनांनी अटक केली आणि ऑस्ट्रियात नेऊन कैदेत ठेवलं. ते सुटले १९४५ मध्ये. घरात ही टांगती तलवार आणि लॅबमध्ये गिनीपिग, अशी ती वर्षं गेली.

त्यातच १९४२ मध्ये रोन-पुलेंक कंपनीत काम करणाऱ्या बर्नार्ड हाल्पर्न यांनी माणसाला देता येईल असं पहिलं अँटिहिस्टामाइन पुढं आणलं, अँटरगन. आणि १९४४ मध्ये बोव्हे आणि सहकाऱ्यांनी त्याच्यापेक्षा बरं औषध शोधलं, निओअँटरगन. त्याचं शास्त्रीय नाव मेपिरामाइन. तिकडं अमेरिकेत जॉर्ज रिव्हेशल यांनी डायफेनहायड्रामाइन तयार केलं, ते १९४६ मध्ये बाजारात आलं. त्यानंतर रांगच लागली. प्रोमेथाझिन, क्लोरफेनिरामाइन, आपल्याकडं घराघरात ठाऊक असलेल्या अवीलमधलं फेनिरामाइन, सगळी एकाच कुटुंबातली भावंडं.

सगळ्यांचा गुण सारखा आणि अवगुणही सारखा. नाक थांबायचं, खाज थांबायची आणि माणूस डुलक्या घ्यायला लागायचा.

याचं कारण नंतर कळलं. हिस्टामाइन फक्त ॲलर्जीसाठी नसतं. मेंदूत तेच हिस्टामाइन आपल्याला जागं ठेवतं. ही जुनी औषधं मेंदूभोवतीचा पहारा सहज ओलांडतात आणि तिथलीही कुलपं बंद करून टाकतात. नाकासाठी घेतलेली गोळी डोक्यात जाऊन दिवा घालवते, असा हा प्रकार. शिवाय ही औषधं ॲसिटिलकोलीनच्या कुलपातही हात घालतात. म्हणून तोंड कोरडं पडतं आणि म्हाताऱ्या माणसांना लघवी अडणं, गोंधळल्यासारखं होणं असे त्रास होतात. प्रोस्टेट किंवा काचबिंदू असलेल्या आजोबांनी सर्दीसाठी जुन्या पद्धतीची गोळी मनानं घेऊ नये, त्यामागचं कारण हेच.

बरं, हा अवगुण वाया गेला नाही. फ्रेंच नौदलातले सर्जन हेन्री लाबोरी यांनी ऑपरेशनच्या आधी प्रोमेथाझिन वापरलं आणि रुग्ण विलक्षण शांत राहतात हे हेरलं. मग कंपनीनं अँटिहिस्टामाइनच्याच सांगाड्यातून जास्त शांत करणारं रसायन शोधायला घेतलं. १९५० च्या अखेरीस क्लोरप्रोमाझिन तयार झालं आणि १९५२ पासून पॅरिसमध्ये ते मनोरुग्णांना दिलं जाऊ लागलं. ज्यांना साखळदंडात किंवा कोंडून ठेवलं जायचं अशा रुग्णांसाठी पहिलं परिणामकारक औषध आलं ते असं, सर्दीच्या गोळीच्या भाऊबंदकीतून.

तोवर बोव्हे पॅरिस सोडून गेले होते. रोममधल्या इस्तितुतो सुपेरिओरे दी सानिता या सरकारी आरोग्य संस्थेचे संचालक दोमेनिको मारोत्ता यांनी त्यांना बोलावलं. १९४७ मध्ये बोव्हे कुटुंब रोमला आलं आणि डॅनियल यांनी इटलीचं नागरिकत्व घेतलं. पेनिसिलिनवाले अर्न्स्ट चेन यांनाही मारोत्तांनी तिथं आणलं होतं. युद्धानं पोळलेल्या देशात एवढी दोन माणसं एका छताखाली आणणं ही साधी गोष्ट नव्हती.

रोममध्ये बोव्हेंनी विषय बदलला, पण विचार तोच ठेवला. दक्षिण अमेरिकेतले आदिवासी बाणाला क्युरारे नावाचं विष लावतात. ते लागलं की जनावराचे स्नायू ढिले पडतात. स्नायूंना मिळणारा निरोप अडवला गेल्यामुळं हे होतं. ऑपरेशनच्या टेबलवर हाच परिणाम हवा असतो, पण मोजूनमापून. बोव्हेंनी त्यासाठी कृत्रिम औषधं शोधली. गॅलामाइन हे त्यातलं एक. सक्सिनिलकोलीन तर जुनंच रसायन होतं, पण त्याचा स्नायू ढिले करण्याचा गुण १९४९ मध्ये बोव्हेंच्या गटानं दाखवून दिला. भूल देणारे डॉक्टर आजही ते वापरतात. श्वासाची नळी पटकन घालायची असते तेव्हा त्याचा उपयोग होतो.

१९५७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल डॅनियल बोव्हे यांना मिळालं. कुणाशी वाटून नाही, एकट्यांना. शरीरातल्या रसायनांचं काम अडवणाऱ्या कृत्रिम औषधांसाठी. अँटिहिस्टामाइन आणि क्युरारेसारखी औषधं दोन्ही त्यात आली.

एक कोडं मात्र शिल्लक होतं. बोव्हेंच्या औषधांनी नाक आणि कातडीवरचं हिस्टामाइन अडायचं, पण पोटात आम्ल तयार करणारं हिस्टामाइन दाद द्यायचं नाही. याचा अर्थ कुलपांचे दोन प्रकार असणार. जेम्स ब्लॅक यांनी त्या दुसऱ्या कुलपासाठी औषध शोधलं आणि १९७६ मध्ये ॲसिडिटीवर सिमेटिडिन आलं. त्यांनाही १९८८ मध्ये नोबेल मिळालं.

आता पेंग न आणणाऱ्या गोळीकडं येऊ. तीही शोधायला गेले एक आणि सापडलं भलतंच या जातीची आहे. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या सिनसिनाटीत रसायनशास्त्रज्ञ मन शांत करणारं औषध शोधत होते. त्यातून टर्फेनाडिन बनलं. त्यानं मन काही शांत केलं नाही, कारण ते मेंदूत शिरतच नव्हतं. पण हिस्टामाइनचं कुलूप ते छान अडवायचं. म्हणजे अँटिहिस्टामाइन शोधताना मनाचं औषध मिळालं आणि मनाचं औषध शोधताना पेंग न आणणारं अँटिहिस्टामाइन. १९८५ मध्ये ते अमेरिकेत विक्रीला आलं आणि तुफान चाललं. झोप येत नाही म्हणजे काही त्रासच नाही, असं लोकांना वाटायला लागलं.

तसं नव्हतं. टर्फेनाडिन यकृतात गेल्यावर त्याचं दुसऱ्या रसायनात रूपांतर व्हायचं आणि ते रसायन खरं काम करायचं. पण सोबत बुरशीवरचं केटोकोनाझोल किंवा एरिथ्रोमायसिनसारखं प्रतिजैविक घेतलं, तर यकृताचं हे काम तुंबायचं. मूळ टर्फेनाडिन रक्तात साचायचं आणि हृदयाचे ठोके जीवघेणे बिघडायचे. ग्रेपफ्रूटच्या रसानंही असं व्हायचं. १९९० मध्ये अशा रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. १९९२ च्या जुलैमध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. पुढं १९९८ पर्यंत ही गोळी तिथल्या बाजारातून गेली. अस्टेमिझोल नावाची तशीच दुसरी गोळीही १९९९ मध्ये गेली. टर्फेनाडिनचं यकृतात जे रूपांतर व्हायचं, तेच रसायन मग थेट गोळीत भरण्यात आलं. ते फेक्सोफेनाडिन. हृदयाचा तो धोका त्यात नाही.

आज मेडिकलवर पेंग न येणारी म्हणून जी गोळी मिळते ती बहुतेक वेळा सिट्रिझिन, लिव्होसिट्रिझिन, लोराटाडिन किंवा फेक्सोफेनाडिन असते. या चौघी सारख्या नाहीत. सिट्रिझिन ही जुन्या हायड्रॉक्सिझिनपासून आलेली. ती जुन्या गोळ्यांपेक्षा पुष्कळ कमी पेंग आणते, पण काही जणांना आणतेच. अमेरिकेत विमान चालवणाऱ्या पायलटांना फेक्सोफेनाडिन आणि लोराटाडिन घेऊन उडता येतं, सिट्रिझिन घेऊन नाही. विमानाला जो नियम, तो मळणीयंत्राला आणि रात्रीच्या परभणी रोडला का नसावा? नवी गोळी पहिल्यांदा घ्यायची तर ज्या दिवशी गाडी किंवा यंत्र हातात नाही, त्या दिवशी रात्री घेऊन बघावी. आणि दारूसोबत यातली कुठलीच नको.

फेक्सोफेनाडिनचं वेगळंच आहे. ती पाण्यासोबत घ्यायची. संत्रं, सफरचंद अशा फळांच्या रसासोबत घेतली तर ती अंगात नीट शोषलीच जात नाही. ॲसिडिटीसाठी पितात त्या ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमच्या पातळ औषधानंही तेच होतं. गुण आला नाही म्हणून माणूस दुसरी गोळी घेतो आणि दोष गोळीला देतो.

किडनी अधू असेल तर सिट्रिझिनची मात्रा कमी करावी लागते, कारण ती बाहेर पडते किडनीतूनच. गरोदर बाईनं आणि अंगावर पाजणाऱ्या आईनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. रोज कित्येक महिने सिट्रिझिन घेऊन अचानक बंद केली तर काही थोड्या लोकांना अंगभर जबर खाज सुटते, यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२५ मध्ये सूचना काढली आहे. तशी खाज आली की लोक समजतात ॲलर्जी वाढली, आणि गोळी पुन्हा सुरू करतात.

सगळ्यात जास्त फसगत होते ती पत्त्यावरची बारीक अक्षरं न वाचल्यामुळं. सर्दीची गोळी म्हणून जे मिळतं त्यात पॅरासिटामॉल, नाक मोकळं करणारं फेनिलेफ्रिन आणि एखादं अँटिहिस्टामाइन असं कडबोळं असतं. ती घेतली आणि वर ॲलर्जीची गोळीही घेतली, तर अँटिहिस्टामाइन दोनदा पोटात जातं. ब्लड प्रेशरवाल्याला फेनिलेफ्रिन वेगळं नडतं. दुसरं कडबोळं मॉन्टेलुकास्ट आणि लिव्होसिट्रिझिनचं. ते साधी ॲलर्जीची गोळी म्हणून मागितलं जातं, पण मॉन्टेलुकास्टनं काहींची झोप आणि मनःस्थिती बिघडते, म्हणून त्यावर अमेरिकेत २०२० पासून चौकटीतला इशारा आहे. भारतातल्या औषध नियमांच्या शेड्यूल जीमध्ये अँटिहिस्टामाइन औषधांची नावं आहेत आणि त्या औषधांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीशिवाय घेणं धोक्याचं असल्याची सूचना छापावी लागते. ती इंग्रजीत असते आणि डोळ्यांत तेल घालून शोधावी लागते, हा भाग निराळा.

लहान मुलांच्या बाबतीत हयगय अजिबात नको. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन एकत्र असलेलं सर्दीचं औषध ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असं लेबलवर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. प्रवासात मूल झोपावं म्हणून प्रोमेथाझिनचं सिरप पाजायची सवय अनेक घरांत आहे. २ वर्षांखालच्या मुलाचा श्वास त्यानं मंदावू शकतो आणि जीवही जाऊ शकतो.

आणि काही ठिकाणी ही गोळी कामाचीच नाही. नाक नुसतं चोंदलेलं असेल तर डॉक्टरांनी दिलेला नाकातला स्टिरॉइड स्प्रे जास्त उपयोगी पडतो. धुळीनं छातीत सूं-सूं वाजत असेल तर तो दमा आहे, त्याला पंप लागतो. गाजर गवतानं कातडी फाटून पाणी सुटलं असेल तर गोळी फार तर खाज कमी करते, त्वचेला वेगळं औषध लागतं. गांधीलमाशी चावल्यावर, इंजेक्शननंतर किंवा काही खाल्ल्यावर चेहरा-ओठ सुजले, दम कोंडला, चक्कर आली, तर गोळी शोधत बसायचं नाही. १०८ ला फोन करायचा आणि जवळचा दवाखाना गाठायचा. तिथं जीव वाचवतं ते मांडीत दिलेलं अॅड्रिनलिनचं इंजेक्शन. गोळीला असर दाखवायला तासभर लागतो आणि रक्तदाब कोसळलेला असेल तर तिचा उपयोगच होत नाही.

नोबेलनंतरचे बोव्हे औषधांपेक्षा मेंदूकडं जास्त वळले. १९६४ मध्ये ते सार्डिनिया बेटावरच्या सासारी विद्यापीठात औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले. काही उंदीर पटकन शिकतात आणि काही का शिकत नाहीत, त्यात आनुवंशिकतेचा वाटा किती, यावर त्यांनी आणि फिलोमेनानं बरीच वर्षं काम केलं. १९७१ पासून ते रोमच्या विद्यापीठात मनोजीवशास्त्र शिकवत होते. १९८२ मध्ये निवृत्त झाले. १९८८ मध्ये त्यांनी एक पुस्तक लिहिलं. ते ना नोबेलवर होतं ना अँटिहिस्टामाइनवर. ते होतं सल्फाच्या शोधावर, तरुणपणीच्या त्या बिनरंगाच्या रसायनाच्या गोष्टीवर.

८ एप्रिल १९९२ रोजी रोममध्ये त्यांचं निधन झालं. टर्फेनाडिनवरचा चौकटीतला इशारा यायला तेव्हा तीन महिने बाकी होते. फिलोमेना दोन वर्षांनी, १९९४ मध्ये गेल्या. आन-मारी स्टॉब यांनी अँटिहिस्टामाइननंतर जंतूंच्या आवरणावर संशोधन केलं आणि टायफॉईडच्या जातकुळीतल्या साल्मोनेलाच्या अभ्यासात नाव मिळवलं. त्या २०१२ पर्यंत जगल्या. त्याच्या आदल्या वर्षीच अमेरिकेत फेक्सोफेनाडिन डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळायला लागलं होतं.